वाऱ्याची बाही

१

मार्गशीर्ष नुकता लागला होता. उमरबर्डीच्या विमानतळावरची बाही तिसऱ्यांदा गेली आणि या वेळी पहारेकरी नारसिंगच्या हातात बेड्या पडल्या.

बाही म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला एक उंच खांब होता आणि त्याच्या शेंड्यावर नारिंगी कापडाची, दोन्ही तोंडं उघडी असलेली लांबलचक पिशवी दोरीने चढवलेली असे. वारा शिरला की ती फुगायची आणि वारा कुठून कुठे चाललाय ते आकाशातल्या वैमानिकाला दाखवायची. साहेबाच्या कागदात तिला काहीतरी इंग्रजी नाव होतं. गावातल्या बायकांना मात्र ती एखाद्या राक्षसाच्या सदऱ्याची उसवलेली बाही वाटली, आणि तेच नाव पडलं. पुढे पुढे साहेबही बाहीच म्हणू लागला.

तळ तसा नवाच. जपानी ब्रह्मदेशात घुसले तेव्हा सरकारने घाईघाईने जागोजागी अशा पट्ट्या आखल्या. सारंगखेड्याहून नंदुरबारकडे येताना तापीकाठची जी सपाट काळी जमीन लागते ती कुणीतरी नकाशावर हेरली. लढाई संपेपर्यंत म्हणून भिला पाटलासकट बऱ्याच जणांची शेतं ताब्यात घेतली, नवापूरच्या डोंगरातून मजूर आणले, मुरूम टाकला आणि त्यावर बैलांचे दगडी रूळ फिरवले. लढाऊ विमानं इथे कधी मुक्कामाला नसत. मुंबईहून पूर्वेकडे जाणारं एखादं विमान तेल घ्यायला उतरे, एखादं बिघडलं म्हणून उतरे, चहा पिऊन उडून जाई. पण युद्धाच्या एवढ्या मोठ्या साखळीतली ही एक कडी आहे, असं तळाचा गोरा साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगे.

आणि आता गुरुवारी खुद्द मोठा साहेब तळ तपासायला येणार होता.

चौकशीसाठी नंदुरबारहून दिलवरसिंग गिरासे फौजदार टांग्यातून उतरला तेव्हा तळाच्या साहेबाने त्याला बसूही दिलं नाही. हा घातपात आहे, असं त्याचं ठाम मत होतं. आदल्या वर्षी नंदुरबारात गोळीबार झाला होता, त्याची जखम अजून ओली होती आणि सरकारी माणसाला जिकडेतिकडे कट दिसत असे. गुरुवार सकाळपर्यंत चोर सापडला नाही तर नारसिंग लष्कराच्या ताब्यात जाईल आणि गावात पलटण येऊन बसेल, असं साहेबाने बजावलं.

दिलवरसिंगने टोपी काढून कपाळ पुसलं. चाळिशीचा, गोल पोटाचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याचा आवाज कधी चढल्याचं ठाण्यात कुणी ऐकलं नव्हतं. त्याची चौकशी नेहमी एकाच जागेपासून सुरू व्हायची.

"साहेब," त्याने मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, "त्या दिवशी तुम्ही जेवलात काय?"

२

साहेब भडकला, पण त्याने उत्तर दिलं. जेवलाच नव्हता. दुपारी विमान येणार होतं, ते आलं, घिरट्या घालून निघून गेलं, आणि त्याची भूक मेली.

दिलवरसिंगचे कान टवकारले. मग त्याने आधीच्या दोन वेळा विचारल्या. तिन्ही वेळा तसंच. बाही सकाळी चढवलेली असायची, दुपारी विमान यायच्या आत गायब व्हायची. ज्या दिवशी विमान नाही त्या दिवशी तिला कुणी हात लावला नव्हता. आणि बाही नसेल तर वैमानिकाने उतरायचं नाही, पुढचं ठिकाण गाठायचं, हा नियम. तो काही गुपित नव्हता. तळाच्या उद्घाटनाला साहेबाने दुभाष्या उभा करून तो अख्ख्या गावाला समजावला होता.

"आणि वाराच नसला तर?"

मग पूर्वेकडून उतरा की पश्चिमेकडून, सारखंच, असं साहेब म्हणाला. वैमानिक पूर्वेकडून येतात ते निव्वळ सवयीने, तेलाची टाकी पश्चिमेच्या टोकाला आहे म्हणून. मग त्याने खालच्या आवाजात एक गोष्ट सांगितली. तिसऱ्या वेळचा वैमानिक अगदी कोवळा पोरगा होता. इथे उतरता आलं नाही म्हणून सुरतेकडे निघाला, वाटेत तेल संपलं आणि नवापूरच्या पुढे एका खळ्यात आदळला. जीव वाचला, हात मोडला. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात पडून होता.

तेव्हा दिलवरसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. कापडाच्या चोरीची गंमत इथे संपत होती.

नारसिंगला दारूगोळ्याच्या रिकाम्या खोलीत कोंडलं होतं. चिंचपाड्याकडचा ख्रिस्ती, धिप्पाड, लाजाळू तरुण. धावपट्टीचे रूळ ओढायला आला आणि पहाऱ्यावर राहिला. खांबापाशीच त्याची बसायची जागा. मी झोपलो नव्हतो आणि मी चोरी केली नाही, एवढी दोनच वाक्यं तो दोन दिवस सगळ्यांना सांगत होता. दिलवरसिंग त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्या दुपारी काय खाल्लंस ते विचारलं.

नारसिंगला तिसरं वाक्य सापडलं. भाकरी आणि उडदाची डाळ. बायकोने, रमीबाईने पाठवलेली.

कुठे खाल्ली, म्हणून फौजदाराने सहज विचारलं. विहिरीवर, नारसिंग म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याने जीभ चावली. विहीर बाभळीच्या आड होती. तिथून खांब दिसत नव्हता. पहारा सोडल्याची शिक्षा चोरीपेक्षा हलकी नव्हती, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो गप्प होता.

"भाकरी घेऊन कोण आलं होतं?"

या प्रश्नाला नारसिंगने मान खाली घातली आणि फौजदार उठेपर्यंत वर केली नाही.

३

उमरबर्डीत दिलवरसिंगला मुक्कामाची चिंता नव्हती. धावपट्टीच्या पूर्वेला, अगदी कुंपणाला लागून, त्याच्या वडिलांच्या बहिणीचं, धनुबाईचं शेत आणि घर होतं. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. ही फुई साठीची, विधवा, मूलबाळ नसलेली, आणि भाच्याला जेवू घालणं हाच तिला मोठा सण. नवरा घोड्यांचा शौकीन होता. सारंगखेड्याच्या यात्रेत त्याच्या घोड्यांभोवती गर्दी उसळायची. त्या सगळ्या पागेतली एकच घोडी आता उरली होती, पांढरीशुभ्र चंद्रा, आणि ती गाभण होती. दिवस भरत आले होते.

दिलवरसिंगने जाता जाता तिच्या मानेवर थोपटलं. घोडीच्या दोन्ही कानांवरून जाड फडकं बांधलेलं होतं. थंडी फार पडते, फुई म्हणाली.

"जेव ना बेटा. पोट भरेल व्हई तं डोकं चालस."

तो जेवला, आणि डोकं चालवायला बाहेर पडला.

साऱ्या गावाचा संशय भिला पाटलावर होता. त्याची सगळ्यात चांगली जमीन पट्टीखाली गेली होती आणि ती बाही एक दिवस जाळीन, असं तो चावडीवर बोललाही होता. दिलवरसिंगला त्याने ओसरीवर बसवलं, चहा मागवला आणि कबूल केलं की बोललो होतो.

"माले चोरनंच व्हतं तं मी मन्ही जमीन चोरी लेतू," तो म्हणाला. "ते फडकं कसाले लेसू?"

पण दिलवरसिंगचं लक्ष ओसरीवरच्या नव्या खुर्च्यांकडे होतं. एका रांगेत, सगळ्यांची तोंडं धावपट्टीकडे. बोलण्याबोलण्यात उलगडा झाला. विमान येणार असलं की पाटील तळोदा-शहाद्याच्या सोयऱ्यांना बोलावून घ्यायचा, त्यांना फराळ द्यायचा आणि विमान टेकलं की मांडीवर थाप मारून सांगायचा, पाहा, मन्हा वावरमा उतरनं. तिन्ही वेळा सोयरे आले होते आणि विमान उतरलंच नव्हतं. शहाद्याचे व्याही हसत घरी गेले होते. तो घाव जमिनीपेक्षा खोल होता. या माणसाने बाही चोरणं शक्य नव्हतं. उलट ती परत लागावी म्हणून तो नवस बोलला होता.

दुसरा संशय नंदुरबारच्या रतिलाल शिंप्यावर. बाह्या तोच शिवून द्यायचा. एक गेली की दुसरीचं काम त्यालाच मिळणार, असा साहेबाचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दिलवरसिंगने हवालदार भटूला बाजारात धाडलं आणि संध्याकाळी भटू हसत हसत परतला. रतिलाल चोर सापडावा म्हणून रोज देवळात जात होता. कापडाची टंचाई, माणसं लग्नाच्या कपड्यांसाठी रांगा लावतायत, आणि सरकारी काम नाकारायची सोय नाही. तिसऱ्या बाहीसाठी त्याने स्वतःच्या दुकानाचा पडदा रंगवून वापरला होता. चौथी शिवायची वेळ आली तर मी सुरतेला पळून जाईन, असं त्याने भटूला गळ्याची शपथ घेऊन सांगितलं.

भटूने आणखीही एक गोष्ट आणली होती. त्याने रतिलालला उगीच डिवचलं होतं की तूच माणूस पाठवून बाही उतरवतोस. त्यावर शिंपी म्हणाला, अरे बाबा, विमान कधी येणार ते मला नंदुरबारात बसून कसं कळणार?

दिलवरसिंग बोलता बोलता थांबला. खरंच की. विमानाची तार तळावर आदल्या दिवशी यायची आणि ती फक्त साहेब वाचायचा. मग भिला पाटलाला सोयरे बोलवायला आदल्या दिवशी कसं सुचत होतं?

४

सकाळी त्याने पाटलालाच विचारलं. पाटील आधी लाजला, मग म्हणाला की यात लपवायचं काय, गावाला सगळ्यांनाच कळतं. ज्या दिवशी गावात अंडं मिळत नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी विमान.

दिलवरसिंग तडक तळाच्या स्वयंपाकघरात गेला. खानसामा गोव्याचा, बोलका. दिलवरसिंगने त्याच्या पावाची तारीफ केली आणि त्याने सगळं सांगून टाकलं. विमान यायचं असलं की साहेब त्याला फक्त म्हणायचा, उद्या पाहुणे आहेत. मग खानसामा कालीबाईला दुप्पट अंडी आणायला सांगायचा. वैमानिकांना आम्लेट फार लागतं. साहेबाने तार तिजोरीत ठेवली, पहारे बसवले, आणि तळाचं गुपित रोज कोंबड्यांच्या खुराड्यातून गावभर फिरत होतं.

कालीबाईला दिलवरसिंग ओळखत होता. भिल्ल बाई, फुईच्या शेतावरच झोपडी, फुईच्याच खळ्यातलं दाणापाणी खाऊन तिच्या कोंबड्या माजल्या होत्या. तळावर मोकळेपणाने ये-जा करणारी गावातली एकटी तीच. रमीबाईला फुईच्या शेतावर तिनेच कामाला लावलं होतं आणि नारसिंगची भाकरीही तीच पोचवायची.

फाटकावर एक पंजाबी शिपाई उभा असे. तो आपल्या कामाबद्दल फार चोख. दिलवरसिंगने त्याला विडी दिली. शिपाई म्हणाला, माझ्या हातून माशीसुद्धा बाहेर जात नाही. बाही गेली त्या दुपारी ती अंडेवाली आली तेव्हा टोपली कमरेवर घेऊन आली होती, मी गवत उचकून अंड्यांच्या खाली पाहिलं. मग ती पहारेकऱ्याला भाकरी देऊन आली, जाताना रिकामी टोपली डोक्यावर होती, मी ती खाली घ्यायला लावली आणि उलटी करून झटकली. काही नव्हतं.

"भरलेली कमरेवर," दिलवरसिंग सावकाश म्हणाला, "आणि रिकामी डोक्यावर?"

शिपाई होय म्हणाला. त्याच्या गावाकडे कदाचित तशी रीत असेल, त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. पण दिलवरसिंग याच मातीतला. कुठलीही बाई भरलेलं ओझं डोक्यावर घेते आणि रिकामी टोपली कमरेला लावून हात हलवत घरी जाते. कालीबाईचं सगळं उलट होतं. आणि डोक्यावर टोपली घ्यायची तर तिच्याखाली काय लागतं? चुंबळ. कापड पिळून, गोल वेटोळं करून डोक्यावर ठेवायचं.

शिपायाने टोपली खाली घ्यायला लावली होती. चुंबळ तशीच डोक्यावर, पदराच्या आत राहिली होती.

दिलवरसिंगला सगळं चित्र एकदम दिसलं. नारसिंग बायकोची भाकरी घेऊन विहिरीवर जातो. कालीबाई खांबाची दोरी सोडते, बाही सरसर खाली येते, तिचं वेटोळं होतं, डोक्यावर चढतं. वर पदर, वर टोपली. भर दुपारी, साऱ्या जगासमोर. कुणी पाहिलं असतं तरी एक बाई चुंबळ वळतेय एवढंच दिसलं असतं. आणि नारसिंगला तिचा संशय आला असला तरी बायकोला जिने शेतावर काम मिळवून दिलं तिचं नाव त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

पण कालीबाईला विमानाशी काय देणंघेणं? उलट ते उतरलं तर तिची अंडी खपतात.

ती झोपडीपुढे कोंबड्यांना दाणे टाकत होती. दिलवरसिंगने फक्त विचारलं की काली, चुंबळ कुठे ठेवलीस. तिचा हात हवेतच थांबला. तिने शेतापलीकडच्या घराकडे पाहिलं.

"माले नका इचारू, दादा," ती म्हणाली. "मायले इचारा."

या शेतावर माय एकच होती.

५

दिलवरसिंग बांधावरून परत निघाला. घोडीच्या कानांवरचं फडकं. कुंपणाला लागून असलेली पागा, आणि पूर्वेकडून उतरणारं प्रत्येक विमान तिच्या कौलांवरून जाणारं. काल जेवता जेवता फुईने किती सहज विचारलं होतं, मोठा साहेबनं पाखरू कोणा बाजूथीन उतरी? त्याने किती सहज सांगितलं होतं. तीन दिवस तो तिच्याकडे वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खात होता, आणि तपास कुठवर आला ते ती रोज त्याच्याच तोंडून काढून घेत होती.

घरात आल्यावर तो थेट आपल्या खाटेपाशी गेला. उशी उचलली. आल्या दिवशीच त्याला ती फार गुबगुबीत वाटली होती, फुईने खास आपल्यासाठी नवी भरली म्हणून तो खूशही झाला होता. त्याने शिवण उसवली. आत नारिंगी कापड. एक, दोन, आणि तिसरी रतिलालच्या पडद्याची.

नंदुरबार ठाण्याचा फौजदार रोज दुपारी मुद्देमालावर डोकं ठेवून घोरत होता. त्याला आधी हसू आलं, आणि ते आवरेपर्यंत फुई दारात उभी होती.

तिने काही लपवलं नाही. ओढणी सारखी करून उंबऱ्यावर बसली.

"मीच काढाले लावं," ती म्हणाली. "कालीबाईनी मन्हं ऐकं, बस. मांगला साल चंद्राना पोटमाधलं पिलू त्या आवाजमा गयं. फाटकवर दोनदा गाडीमा गयू मी. त्या शिपाईले मन्ही बोली समजनी नही, त्यानी माले हाकली दिधं."

मग तिने सगळं सांगितलं. पहिल्यांदा विमान कौलांवरून गेलं तेव्हा चंद्रा दावं तोडून भिंतीवर आदळली होती आणि आठ दिवसांत गाभ गेला होता. आता तिचं वय झालं होतं. हे शिंगरू गेलं तर नवऱ्याच्या हातची ती सगळी ओळ इथेच संपणार होती. घोडी चालवून दुसरीकडे न्यावी तर दिवस भरलेले. साहेबाने उद्घाटनाला सांगितलं होतं की बाही नसली तर पाखरू उतरत नाही. तेवढंच तिने लक्षात ठेवलं. पहिल्यांदा बाही काढली तेव्हा विमान खरंच निघून गेलं, आणि तिला वाटलं, चला, कुणाचं काही बिघडलं नाही.

"नारसिंग कोठडीत आहे, फुई."

तिने मान हलवली. रोज त्याच्यासाठी कालीबाईकरवी जेवण पाठवत होती. मोठा साहेब येऊन गेला की भाच्याला खरं सांगून त्याला सोडवायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण मोठ्या साहेबाच्या दिवशी बाही कशी काढायची, एवढं मात्र तिला सुचत नव्हतं, कारण आता खांबाखाली बंदूकवाला बसला होता.

तेव्हा दिलवरसिंगने तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या पोराबद्दल सांगितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"त्या पाखरूमा माणूस बठस," ती शेवटी म्हणाली, "हाई मन्हा ध्यानमाच ऊनं नही."

दिलवरसिंगने तिच्यापुढे बसून तिचे हात हातात घेतले. याच हातांनी त्याला लहानपणी घोड्यावर चढवलं होतं.

"फुई, सकाळी माले साहेबपुढे तोंड उघडनं शे. मी खोटं बोलणार नही."

ती उठली, तिन्ही बाह्या उचलल्या आणि आत गेली. त्याला वाटलं, रडायला गेली. पण थोड्या वेळाने मागच्या अंगणातून दगडावर कपडे आपटल्याचा आवाज आला.

६

गुरुवारी सकाळी तळ नवऱ्या मुलासारखा नटला होता. धावपट्टीच्या कडेच्या दगडांना चुना, शिपायांच्या बुटांना तेल, खांबावर रतिलालने रडत रडत शिवलेली चौथी बाही. वारा अजिबात नव्हता, ती खांबाला लोंबत होती. दिलवरसिंग साहेबासमोर उभा राहिला. चोर सापडला, असं त्याने सांगितलं आणि पुढचं वाक्य जुळवत असतानाच फाटकावर गलका झाला.

धनुबाई आली होती. गिरास्यांच्या घरातली विधवा बाई, जी यात्रेतसुद्धा पडद्याच्या गाडीतून जायची, ती भर उजेडात पायी चालत आली होती. मागे कालीबाई. पंजाबी शिपाई आडवा झाला तशी तिने हाताने त्याला बाजूला केलं, जसं एखाद्या वासराला करतात. साहेबापुढे येऊन तिने तीन घडी घातलेल्या, धुतलेल्या बाह्या टेबलावर ठेवल्या. तिच्या पदराखालून फक्त हनुवटी दिसत होती, पण आवाज खणखणीत होता.

"बाह्या मी लिध्यात. त्या पोऱ्याले सोडा."

दिलवरसिंगने दुभाष्याचं काम केलं. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं, की साहेब, ही माझी सख्खी आत्या आहे, तेव्हा अटकेचा हुकूम तुम्ही द्या, मी तो पाळतो.

साहेब लाल झाला. दवाखान्यातल्या पोराचं काय, म्हणून त्याने विचारलं. धनुबाई म्हणाली की आज दुपारच्या गाडीने चिंचपाड्याला जाते, त्याच्या आईच्या जागी बसते, तो उठेपर्यंत उठत नाही. मग शिक्षा काय ती द्या. माझं एकच मागणं आहे.

"पाखरू तिकडथीन उतारा," तिने पश्चिमेकडे हात केला. "मन्ही घोडी मोकळी व्हस्तोवर."

साहेबाने तिच्या हाताच्या दिशेने पाहिलं, मग लोंबणाऱ्या बाहीकडे पाहिलं. वारा नसला की दोन्ही बाजू सारख्याच, हे त्याने स्वतःच्या तोंडाने फौजदाराला सांगितलं होतं. वर्षभरात ते सांगायला एक माणूस फाटकाच्या आत येऊ शकला असता तर तीन बाह्या आणि एक हात वाचला असता. त्याने काही उत्तर द्यायच्या आतच आकाशात घरघर सुरू झाली. साहेबाने धावत जाऊन उतरण्याची खूण दाखवणारी पांढरी कापडं स्वतःच्या हाताने उलटी मांडायला लावली. विमान वर एक फेरी मारून पश्चिमेकडून आलं, अलगद टेकलं आणि पागेच्या बरंच अलीकडे थांबलं. भिला पाटलाच्या ओसरीवरून टाळ्यांचा आवाज आला.

मोठा साहेब पांढऱ्या मिशांचा, जरा लंगडणारा म्हातारा होता. उलट्या बाजूने का उतरवलं, हा त्याचा पहिला प्रश्न. तळाच्या साहेबाला खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, आणि दुसरा प्रश्न विचारला. घोडी कुठली, कोणत्या रंगाची?

विमानदलात येण्याआधी त्याची अर्धी नोकरी घोडदळात गेली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तळाची जी तपासणी झाली ती सगळी धनुबाईच्या पागेत. चुन्याचे दगड, तेलाचे बूट, नवी बाही, कशाकडेच त्याने पाहिलं नाही. अंगरखा काढून खाटेवर ठेवला, बाह्या सरसावून गवतात गुडघे टेकले आणि चंद्राच्या पोटावरून हात फिरवत बसला. चंद्राही शांत उभी राहिली. जाता जाता त्याने तीन हुकूम दिले. हिवाळाभर विमानं पश्चिमेकडून उतरतील. नारसिंगला या क्षणी सोडा, पहारा सोडल्याबद्दल एक दिवसाचा जास्त पहारा. आणि म्हातारीने दवाखान्यात जाऊन पोराची माफी मागावी, पण घोडी मोकळी झाल्यावर, त्याआधी हललेली खपणार नाही. कालीबाईने अंडी फाटकापर्यंतच आणावीत, अशी पुस्ती तळाच्या साहेबाने जोडली.

नारसिंग सुटला तो सरळ रमीबाईकडे पळाला. भटूने त्याची टोपी उचलून मागोमाग नेली.

विमानात चढण्याआधी मोठ्या साहेबाने फौजदारामार्फत धनुबाईला निरोप दिला, की घाबरू नका, माझ्या अनुभवाप्रमाणे अजून चार-पाच दिवस आहेत. धनुबाईने तो आदराने ऐकला आणि ती म्हणाली, साहेब शहाणा माणूस आहे, पण आज दिवस मावळायच्या आत होईल.

दिलवरसिंगने हे भाषांतर केलं नाही. तो अंगणात बाजेवर बसून राहिला. ऊन उतरलं, तापीच्या बाजूने गार वारा सुटला, खांबावरची बाही फुगून आडवी झाली. सूर्य अजून ज्वारीच्या कणसांवर होता तेव्हा आतून कालीबाईची हाक आली. तो आत धावला. गवतात चार लांब, थरथरते पाय उभं राहायचा खटाटोप करत होते आणि फुई पदराने ते ओलं अंग पुसत होती.

घोडीने फुईचं ऐकलं होतं.